मॉरिशसची दालपुरी बेळगावात जमेना झालीय, कुणी केलीय का?

क्वात्रबोर्न_ते_टिळकवाडी :

नमस्कार मंडळी, इथं वाचते पुष्कळ पण लिहितेय पहिल्यांदा, लांबण लागली तर सांभाळून घ्या. आम्ही नऊ वर्षं मॉरिशसला होतो, क्वात्र बोर्न म्हणून गाव आहे तिथं, मिस्टर एका कापड कारखान्यात होते. दोन वर्षं झाली टिळकवाडीला परत येऊन. घराचं झालं, शाळेचं झालं, पोरीनं कन्नडचा पेपरसुद्धा कसाबसा काढला, पण तिची जीभ काही अजून विमानातनं उतरलेली नाही. गेली तेव्हा पाच वर्षांची आणि आली तेव्हा चौदाची, म्हणजे तिच्या हिशोबानं आपण सगळे तिला इथं परगावी घेऊन आलोय.

पुढच्या रविवारी तिला सोळा पूर्ण होतात. मागणी काय, तर केक नको, हॉटेल नको, मैत्रिणी नकोत, "एन पेर दालपुरी" कर. एन पेर म्हणजे एक जोडी. तिकडं दालपुरी जोडीनंच मिळते, एक द्या म्हणून कुणी मागत नाही. मोटारसायकलच्या मागं काचेची पेटी बांधलेला माणूस असतो, पेटीत पिवळ्याधमक पुऱ्यांची चवड, तो दोन उचलतो, वर ग्रो प्वाची म्हणजे मोठ्या वालासारख्या दाण्याची रस्साभाजी, टोमॅटोचं रुगाय म्हणजे घट्ट रस्सा, मिरचीचा ठेचा, थोडं लोणचं, गुंडाळी करून कागदात बांधून हातात देतो. नाव पुरी पण तळलेली नाही हं, तव्यावरची, आणि इतकी मऊ की दात लावायच्या आधीच तुटते. आत हरभऱ्याच्या डाळीचा कोरडा भुगा, गोड नाही, नुसतं मीठ आणि भाजलेलं जिरं.

तीनदा केली, तीनदा फसली. पहिल्यांदा लाटताना सगळं सारण बाहेर. दुसऱ्यांदा सारण कमी भरलं तर झाली नुसती मैद्याची पोळी, गार झाल्यावर पुठ्ठा. तिसऱ्यांदा सासूबाई मागं उभ्या होत्या, म्हणाल्या एवढा जीव काढण्यापेक्षा गूळ घाल त्यात आणि पुरणपोळी कर, निदान खाल्ली तरी जाईल. त्यांचंही चूक नाही म्हणा.

बाकीच्याही तक्रारी सांगून टाकते. गातो पिमा म्हणजे डाळीचे बारके तिखट गोळे, ते तेलात विरघळतात. रुगाय मी जसं तिथं करायची तसंच करते असं मला वाटतं, पण पोरगी म्हणते आई हे टोमॅटोचं सार आहे. आलुदा म्हणून दुधाचं पेय आहे त्याच्या तर नादालाच लागले नाही अजून. ग्रो प्वा इथं कशाला म्हणतात तेही सांगा, रविवार पेठेत दोन दुकानं फिरले, दोघांनी दोन वेगळे दाणे दाखवले.

शहापूरची_काकू :

अगं बाई, तुझं सारण ओलं हाय, दुसरं काय न्हाई. डाळ कुकरात लावायलीस न्हवं? तिथंच चुकलं बघ. पुरणाला कुकर चालतंय कारण पुढं गूळ घालून आपण ते आटवतो. तुझ्यात गूळच न्हाई तर आटवणार काय आणि घट्ट होणार काय. उघड्या पातेल्यात शिजव, दाणा बोटात धरून चेपला तर फुटला पायजे पण आपणहून पीठ व्हायला नको. मग चाळणीवर टाक आणि निदान तासभर तिकडं बघू नको. मी पन्नास वर्षं पोळ्या लाटतो, सारण आणि कणीक एकसारखी मऊ असली तरच पोळी लाटली जाते, एक घट्ट एक सैल झालं की फाटलीच म्हणून समज. आणि कट फेकू नको, आमटी कर. सासू खूश होतंय.

खानापूरचा_रताळेवाला :

ताई राग मानू नका पण गातो पिमा गातो पिमा म्हणून जे सांगताय ते आपले आंबोडेच की ओ, आमच्याकडं सणाला असतात, हरभरा डाळ भिजवायची, भरड वाटायची, मिरची कोथिंबीर घालून तळायचं. नाव फ्रेंच ठेवलं म्हणून डाळवडा काय साहेब होत नाही. विरघळतात म्हणजे वाटताना पाणी घातलंय तुम्ही. मिक्सर फिरेना म्हणून घालतात सगळे, आमच्या घरातबी घालायची, आता आई पाट्यावरच वाटते. मूठभर डाळ बाजूला काढून अख्खी मिसळा, कुरकुरीत होतात.

क्वात्रबोर्न_ते_टिळकवाडी :

@शहापूरची_काकू काकू अगदी पकडलंत, कुकरच. तीन शिट्ट्या. उघड्यावर शिजवायचं डोक्यातच आलं नाही.

@खानापूरचा_रताळेवाला राग कसला, खरंच आहे ते, डाळवडाच आहे. फरक एवढाच की तिकडं ते लिंबाएवढे सुद्धा नसतात, मोठ्या गोटीएवढे, कांद्याची पात भरपूर, आणि सकाळी सकाळी पावाला लोणी लावून त्यात चार-पाच चेपून भरतात. "दिपँ दिबेर गातो पिमा", शाळेला जाणारं पोर, बांधकामावरचा माणूस, बँकेतली बाई, सगळ्यांचा नाश्ता एकच. पाव मात्र आपला मऊ लादी पाव नव्हे, वरून कडक, आतून पोकळ. आणि हो, पाणी घातलं होतं मी. मिक्सर फिरेना.

निपाणीचा_खानसामा :

वा वा, बऱ्याच वर्षांनी कुणाच्या तोंडून रुगाय ऐकलं. मी सहा वर्षं तिकडंच ग्रँड बे भागात एका हॉटेलच्या किचनमधे होतो, आता निपाणीत स्वतःचं छोटं केटरिंग आहे. एकेक करून सांगतो, घाईत टाइप करतोय, चुका सांभाळा.

काकूंनी डाळीचं बरोबर सांगितलं पण कटाची आमटी केलीत तर दालपुरी गेलीच म्हणून समजा. काकू माफ करा. तो कटच दालपुरीचा जीव आहे, मैदा त्याच कोमट कटात भिजवायचा. ताई तुम्ही साध्या पाण्यात भिजवत असणार म्हणून पुठ्ठा होतोय. डाळीतलं जे काय पाण्यात उतरतं त्यानं पीठ मऊ राहतं आणि पिवळा रंगपण तिथनंच येतो, डाळ शिजताना हळद घालायची, पिठात वेगळी घालायची नाही. माप म्हणाल तर अर्धा किलो मैद्याला पाव किलो डाळ. दोन-तीन चमचे तेल, मीठ. पीठ पुरणपोळीच्या कणकेइतकं सैल, आणि झाकून अर्धा तास तरी ठेवायचं.

डाळ निथळली की गरम असतानाच वाटा, गार झाली की गोळे धरते. पुरणयंत्रातून काढलीत तर उत्तम. मग ताटात पसरून पंख्याखाली वाळू द्या आणि चाळणीतून चाळून घ्या, हो चाळून, एकसुद्धा अख्खा दाणा राहिला तर तो लाटताना टोक काढतोच. भाजलेल्या जिऱ्याची पूड, मीठ. हातात घेऊन मूठ दाबली तर गोळा व्हायला पाहिजे आणि सोडली तर मोकळं व्हायला पाहिजे. लाटायला पिठी कमी लावा. तवा चांगला गरम, दोन्ही बाजूंना तेलाचा हात, एका बाजूला अर्धा मिनिटसुद्धा नको, डाग पडले म्हणजे जास्त भाजली. उतरवली की थेट फडक्यात, एकावर एक, वरून झाकण. वाफेवरच ती मऊ होते. आमच्याकडं हे काम करणारी बाई एका वेळी शंभर करायची आणि बोलता बोलता करायची, मी सहा वर्षांत तिच्या निम्म्या वेगाला पोचलो नाही.

गव्हाचं पीठ मिसळू का असं पुढं विचारणार तुम्ही, सगळे विचारतात. नका मिसळू. वर्षातनं एकदा मैदा पोटात गेला तर काही होत नाही.

आता रुगाय. ताई खरं सांगा, तेलात मोहरी जिरं टाकता की नाही? आपला हातच तसा आहे, तेल तापलं की बोटं आपोआप मोहरीच्या डब्यात जातात. रुगायला फोडणी नसते. हळदपण नसते. तेल, बारीक चिरलेला कांदा, आलं लसूण ठेचून, आणि मग थाईम. तेच नसणार तुमच्यात. थाईमशिवाय रुगाय म्हणजे तुमची मुलगी म्हणते तेच, सार. ती जीभ शंभर टक्के बरोबर आहे. त्यानंतर टोमॅटो, जवारी म्हणजे गावठी आंबट घ्या, ते लांबडे घट्ट हायब्रीड नकोत, त्यांना रसच नसतो. मिरची चीर देऊन, कोथिंबीर शेवटी. मंद आचेवर तेल कडेला सुटेपर्यंत. तिकडं टोमॅटोला पॉमदामूर म्हणतात, प्रेमाचं सफरचंद, एवढं नाव दिलंय तर दहा मिनिटं जास्त द्या त्याला.

ग्रो प्वा म्हणजे आपल्याकडं डबल बीन्स म्हणून विकतात ते, चपटे, पांढरे, मोठे. रात्रभर भिजवा. न मिळाले तर पावट्यावर भागवा, साल काढून.

क्वात्रबोर्न_ते_टिळकवाडी :

मोहरी आणि जिरं दोन्ही. आणि कढीपत्ता. आता हसू येतंय.

पण थाईमचं बघा कसं झालं, तिथं मी स्वतः बाजारातनं जुडी आणायची, आठवड्याला एक, कोथिंबिरीबरोबरच मिळायची म्हणून ती कधी वेगळी वस्तू वाटलीच नाही. इथं आल्यावर बाजारात दिसली नाही आणि माझ्या लक्षातूनच गेली. दोन वर्षं मी टोमॅटोला दोष देतेय.

इथं कुठं मिळेल? की पिझ्झ्याबरोबर पुड्या येतात त्या चालतील, घरात ढीग साठलाय.

निपाणीचा_खानसामा :

पुड्या नको, तो ओरेगॅनो असतो, रुगायचा पिझ्झा होईल. वाळलेल्या थाईमच्या छोट्या बाटल्या मिळतात मोठ्या किराणा दुकानात, मसाल्याच्या रॅकवर, ओरेगॅनोच्या शेजारीच असते. सपाट अर्धा चमचा पुरे. अगदीच नाही मिळाली तर चिमूटभर ओवा चुरून टाका. थाईमच्या वासात थायमॉल म्हणून जे द्रव्य असतं तेच ओव्यात असतं, फक्त ओव्यात लई जास्त, म्हणून चिमूट म्हणजे चिमूटच. कुंडीतल्या ओव्याच्या पानाचंपण एखादं चालेल बारीक चिरून. खरी चव नाही येणार पण पोरगी सार म्हणणार नाही.

रोप मिळालं तर लावून टाका, आता पाऊस संपलाय. पुढच्या जूनला मात्र कुंडी वळचणीला घ्या, बेळगावच्या पावसात थाईमची मुळं कुजतात, माझी दोन गेली.

शहापूरची_काकू :

कटात मैदा भिजवायचा हे मला ठाऊक नव्हतं, करून बघतो. पण सगळा कट कशाला लागतोय, वाटीभर आमटीला उरतंय की.

आणि एक विचारतो, तिकडं ही पुरी आली कुठनं? फ्रेंच लोक डाळ खात न्हाईत.

क्वात्रबोर्न_ते_टिळकवाडी :

काकू, बिहारकडच्या मजुरांबरोबर गेली. इंग्रजांनी गुलामगिरी बंद करायचं ठरवल्यावर उसाच्या मळ्यांना माणसं पाहिजे होती म्हणून १८३४ पासून आपल्याकडची माणसं करार करून न्यायला लागले, जवळजवळ पाच लाख नेली. जिथं उतरवायचे तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट अजून आहे, २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात घेतला. जास्त बिहारी, मग तमिळ, तेलुगू, आणि आपली मराठी पण, कोकणातली बरीच. दाल पुरी बिहारी घरातली, तिथं गेल्यावर तिच्यात तिकडचं क्रेओल रुगाय येऊन बसलं.

आमच्या शेजारी एक आजी होत्या, आडनाव पक्कं मराठी, बोलणं सगळं क्रेओल म्हणजे तिकडच्या फ्रेंचवरनं झालेल्या बोलीत, आणि गणपतीत आरती मात्र खणखणीत मराठीत. तिकडं गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, विसर्जनाला समुद्रावर ही गर्दी. पहिल्या वर्षी मी त्यांच्या घरी गेले तर त्यांनी अळूची पानं निवडायला घेतली होती, म्हणाल्या ब्रेद सोंज करतेय. ब्रेद म्हणजे पालेभाजी. शेवग्याचा पाला म्हणजे ब्रेद मुरूम. मी म्हटलं आजी हे तर आमच्या परसातलं. त्यांनी मला सगळं शिकवलं, फक्त तोंडानं कधी माप सांगितलं नाही, हातानंच दाखवायच्या. त्यामुळं आज माझ्याकडं वहीत काही नाही. दालपुरी तर कुणी घरी करतच नव्हतं, दहा पावलांवर पेटीवाला असताना कोण करणार.

अजून एक गंमत, तिकडं एक हिरवी पेरूसारखी सुरकुतलेली भाजी असते, शुशु म्हणतात. इथं आल्यावर सहा महिने पोरगी शुशु शुशु करत होती आणि ती रोज गणपत गल्लीत आमच्या डोळ्यांसमोर होती, सीमेबदनेकाई म्हणून. भाजीवाली कन्नडमधे ओरडत होती, आम्ही क्रेओलमधे शोधत होतो.

चोर्ल्यातून_येजा :

मी दर शनिवारी गोव्याहून बेळगावला येतो, नोकरी पणजीला, घर अनगोळला. तुमच्या यादीत विंदाय नाही हे बघून आश्चर्य वाटलं. माझा एक सहकारी मॉरिशसला जाऊन आला होता, त्यानं सांगितलेलं, मासे तळून मोहरी हळद व्हिनेगरमधे मुरवतात. आमच्या गोव्यातल्या विंदालूचं आणि त्याचं नाव एकाच पोर्तुगीज शब्दावरून, विन्या दालोस, वाइन किंवा तिचं व्हिनेगर आणि लसूण. गोव्यात त्यात लाल मिरची शिरली, तिकडं मोहरी.

माडाचं व्हिनेगर पाहिजे असेल तर आणतो. आणि तुम्ही पावाचं जे वर्णन केलंत, वरून कडक आतून पोकळ, ते आमचे उंडे. रविवारी सकाळी देऊ शकतो, शनिवारी संध्याकाळी पोदेराकडून म्हणजे पाववाल्याकडून घेईन. पत्ता इथं उघड्यावर टाकू नका, मेसेज करा.

कॅम्पातला_रिटायर्ड_फौजी :

आमचं बेट वेगळं, पोर्ट ब्लेअर, तीन वर्षं पोस्टिंग. तिथं असताना मिसेस रोज बेळगावच्या कुंद्यासाठी रडायची आणि आता इथं आल्यावर ताज्या मासळीसाठी रडते. मी दोन्हीकडं पिशवी घेऊन फिरलो. मॅडम, माशाचं एक सांगतो, विंदायला घ्यायचा तर आदल्या दिवशी घेऊन ठेवू नका, इथं मासळी किनाऱ्यावरून घाट चढून येते, ती आधीच एक दिवस जुनी असते. सकाळी गाडी लागली की लगेच जा, कल्ले लाल बघून घ्या, त्याच दिवशी तळा.

निपाणीचा_खानसामा :

फौजीसाहेब बरोबर. विंदायला कडक मांसाचा मासा घ्या, कुपा म्हणजे ट्यूना मिळाला तर तोच, नाहीतर सुरमई. हळद मीठ लावून तळा, पण पुरा कोरडा नको. मोहरी व्हिनेगरमधे भिजवून वाटा, कोरडी वाटली तर कडू होते. तेलात लसणाच्या अख्ख्या पाकळ्या, कांद्याच्या मोठ्या पाकळ्या, उभ्या चिरलेल्या मिरच्या, हळद, मग ते मोहरीचं वाटण, दोन मिनिटं, कांदा कचकचीत राहिला पाहिजे. मासा त्यात घालून हलवा, काचेच्या बरणीत भरून फ्रिजात. पहिल्या दिवशी उघडू नका, काही चव नसते. दोन दिवसांनी बघा.

आलुद्याबद्दल राहिलंच. दूध, चायना ग्रासचा जिलेबी रंगाचा किंवा बिनरंगी किस, भिजवलेला सब्जा, व्हॅनिला, साखर, बर्फ. आपला फालुदाच, शेवया वजा. चायना ग्रास जपून, थोडंसंच लागतं.

क्वात्रबोर्न_ते_टिळकवाडी :

मंडळी, रविवार होऊन चार दिवस झाले, आज वेळ मिळाला.

शनिवारी रात्री डाळ भिजवली, रविवारी पहाटे उघड्या पातेल्यात शिजवली. सासूबाई आल्या, चाळणीखाली पातेलं बघितलं आणि काही न बोलता वाटीभर कट काढून घेतला. शहापूरच्या काकूंचा हा मेसेज मी त्यांना वाचून दाखवला होता ही माझी चूक. उरलेल्यात मैदा भिजवला. पुरणयंत्र माळ्यावरनं काढलं, डाळ गरम असताना फिरवली, चाळली, पंख्याखाली पसरली तर मिस्टरांनी पंखा पाचवर केला आणि निम्मा भुगा ओट्यावर. पाव किलो डाळीची बेगमी थोडी जास्त ठेवा असं कुणी सांगितलं नव्हतं, ते मी सांगते.

पहिल्या तीन फुटल्या. चौथीला सासूबाईंनी लाटणं हातातनं घेतलं. त्यांचं म्हणणं मी पिठाचा उंडा नीट भरत नाही, वरचं तोंड जाड राहतं. त्यांनी तोंड मिटून पालथा घातला, बोटांनी कडेनं दाबत दाबत हाताएवढा केला आणि मग लाटणं लावलं. एकही फुटली नाही त्यानंतर. एकोणीस झाल्या. त्या लाटत होत्या, मी भाजत होते, आणि अधूनमधून त्या म्हणत होत्या की गूळ घातला असता तर.

थाईमची बाटली मिळाली, तिसऱ्या दुकानात. रुगायला फोडणी दिली नाही, हात दोनदा मोहरीच्या डब्याकडं गेला तरी दिली नाही. कांदा लसणावर थाईम पडलं आणि अर्ध्या मिनिटात वरच्या खोलीतनं पोरगी जिन्यावर, "की पे फेर?" म्हणजे काय चाललंय. दोन वर्षांत तिनं घरात क्रेओल बोलणं बंदच केलं होतं, शाळेतली पोरं हसतात म्हणून. मी काही बोलले नाही, चमचा दिला तिच्या हातात हलवायला.

डबल बीन्स मिळाले. उंडे आणि व्हिनेगर वेळेवर आले, @चोर्ल्यातून_येजा तुमचे उपकार, पैसे घेतले नाहीत हे बरं केलं नाही. गातो पिमा पाण्याशिवाय वाटले, मिक्सर थांबवून थांबवून, चमच्यानं खाली ढकलत. एक फुटला नाही. उंड्यात लोणी लावून भरले, सासऱ्यांनी तीन उंडे खाल्ले आणि म्हणाले हे दर रविवारी.

दालपुरीवर पोरीचं मत, चव तीच, थोडी जाड. ते खरंय. पण ताटात वाढली होती तर तिनं ताट नाही घेतलं. वर्तमानपत्र नको म्हटलं शाई असते म्हणून, तर वहीचे कोरे कागद फाडून आणले, दोन दोन गुंडाळून प्रत्येकाच्या हातात दिल्या आणि बाहेर गेटापाशी नेऊन उभं केलं सगळ्यांना. बसून खायची नसते म्हणे. शेजारच्या मावशी विचारत होत्या, लाइट गेलीय का ओ.

आलुदा फसला. चायना ग्रास मापात चुकलं, त्याच्या सुरीनं वड्या पाडाव्या लागल्या. तो दुधात घालून चावून खाल्ला.

विंदाय रविवारीच बरणीत भरलं. दोन दिवसांनी उघडायचं म्हणजे मंगळवार आला, मंगळवारी घरात मासे नाहीत. पोरगी दिवसभर फ्रिज उघडून बरणी बघून बंद करत होती. काल बुधवारी उघडलं. मोहरी थोडी कडू झाली, बहुतेक कमी भिजली, पण आज सकाळी बरणी रिकामी आहे, आणि मी तर एकच तुकडा खाल्ला होता.

निपाणीचा_खानसामा :

मोहरी रात्रभर भिजवा पुढच्या वेळी. बाकी मनापासून बरं वाटलं. एकोणीस पहिल्या खेपेला म्हणजे पुष्कळ झाल्या.

खानापूरचा_रताळेवाला :

ताई ते रताळ्याचं काहीतरी असतंय न्हवं तिकडं? मागं कुठंतरी ऐकलं होतं. आमच्याकडं काढणी चालू हाय, भाव पडलाय, घरात पोती पडलीत.

क्वात्रबोर्न_ते_टिळकवाडी :

हो हो, गातो पतात. करंजीच समजा. रताळी सालासकट उकडायची, सोलून उकडली तर पाणी पितात. गरम असताना कुस्करून त्यात मावेल तेवढाच मैदा, अर्ध्या किलोला साधारण वाटीभर, गोळा हाताला चिकटायचा थांबला की बास. आत ओलं खोबरं, साखर, वेलची, तिकडं व्हॅनिला पण घालतात. पारी लाटून, भरून, अर्धचंद्र मुडपून तळायचं. शेजारच्या आजी काट्या चमच्यानं कडा दाबायच्या. मंद तळलं तर तेल पितं, तेल चांगलं तापलेलं पाहिजे. मिस्टर शनिवारी खानापूरला जाणार आहेत, पाच किलो मिळतील का?

खानापूरचा_रताळेवाला :

पाच कशाला, पोतं न्या. मेसेज करतो.

शहापूरची_काकू :

लाल सालीची घे, पांढरी पाणचट असतात. आणि मैद्याऐवजी थोडी तांदळाची पिठी घालून बघ. मी परवा तुझी दालपुरी केलो. सगळ्या कटात भिजवलो, आमटी केलो न्हाई. नातवानं चार खाल्ल्या आणि मग विचारायला लागला आज्जी आमटी कुठं हाय.